चाळीस एकर, रिचलँड काउंटी : नवी जागा घेतली, आता हरणांचं काय करायचं?

रानवाट
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिला धागा काढतोय.

आम्ही मॅडिसनजवळ राहतो. गेल्या हिवाळ्यात हायवे १४ ने पश्चिमेला रिचलँड काउंटीत ४० एकरांचा तुकडा घेतला. विस्कॉन्सिनचा हा कोपरा हिमनद्यांनी सपाट केलाच नाही, त्यामुळे सगळे डोंगर नि घळी शाबूत आहेत. आमच्याकडे साधारण तीस एकर जंगल आहे. ओक, हिकरी, थोडे मेपल, आणि पोखरकिड्याने मारलेल्या ॲशचे उभे सांगाडे. माथ्यावर आठेक एकर गवताचं शेत आहे, ते शेजारचा शेतकरी कापून नेतो. खाली ओढा, उन्हाळ्यात आटणारा.

शिकार मला नवीन नाही. ऑफिसातल्या मित्रांबरोबर त्यांच्या जागेवर जातो, परवाना, प्रशिक्षण सगळं झालेलं आहे. नवीन आहे ते मालक असणं. विकणाऱ्याने ‘इथे मोठे बक (नर हरणं) फिरतात’ म्हणून दोन फोटो दाखवले. यूट्यूब उघडलं की जो तो म्हणतो फूड प्लॉट (हरणांना खायला पेरलेला तुकडा) करा, हे बी पेरा, तो क्षार ठेवा. ऑफिसातला एकजण म्हणतो दोन वर्षं एकही मादी मारू नका, कळप वाढू द्या. दुसरा म्हणतो नेमकं उलटं करा. इथे अमेरिकेत जमीन बाळगून असलेले काही जुने सभासद आहेत हे माहीत आहे, म्हणून विचारतो : पहिल्या वर्षी काय करावं आणि काय अजिबात करू नये?

चिंचगुळ
धागा वाचून जरा दचकलेच. हौस म्हणून जमीन घेऊन हरणं मारायची, आणि त्याचं ‘नियोजन’? आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली ते चांगलंच झालं असं मला वाटतं. वैयक्तिक घेऊ नका, पण राहवलं नाही.

रानवाट
चिंचगुळ, वैयक्तिक अजिबात घेत नाही. माझी बायको शाकाहारी आहे, हा वाद आमच्या स्वयंपाकघरात नेहमीचाच. तिने जंगल बघितलं आणि एकच प्रश्न विचारला : ‘इथे लहान झाडं का नाहीत?’ त्याचं उत्तर शोधताना मी इथवर आलो.

खडकमाळ
अभिनंदन! मी मिशिगनात आहे, माझीही जागा साधारण एवढीच. आधी जरा कडू गोष्ट सांगतो : चाळीस एकरांवर हरणांचं नियोजन होत नाही.

हिशोब बघा. एक चौरस मैल म्हणजे ६४० एकर, तुमचा तुकडा त्याचा सोळावा हिस्सा. पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा वावर साधारण चौरस मैलाच्या घरातला, आणि नोव्हेंबरात माजावर आलेला नर त्याच्याही बाहेर भटकतो. तुमच्या कॅमेऱ्यात येणारं जनावर शेजारच्या चार जणांच्याही कॅमेऱ्यात येतं, आणि पाचही जण त्याला ‘आपला बक’ म्हणतात. कायद्याने तो कोणाचाच नाही, राज्याचा आहे. तुमच्या हातात उरतं ते एवढंच की जंगल कसं ठेवायचं, तुम्ही स्वतः आत कधी आणि कुठून शिरायचं, आणि माद्या किती मारायच्या. बाकी नशीब आणि शेजारी.

यातलं मधलं लोक विसरतात. तुकडा चौकोनी असेल तर एक बाजू १३२० फूट. अगदी मध्यावर उभे राहिलात तरी हद्द ६६० फुटांवर, आणि एवढ्या अंतरावर माणसाचा वास वाऱ्यावर आरामात जातो. दर शनिवारी तुम्ही चारचाकी भटभटत माथ्यावर नेलीत तर दोन-तीन आठवड्यांत वयस्क हरणं शेजारी झोपायला जातील आणि तुमच्याकडे फक्त रात्री येतील. म्हणून जंगलातले आठ-दहा एकर आत्ताच ठरवून टाका, जिथे सप्टेंबर ते जानेवारी पाऊलच टाकायचं नाही. जखमी जनावराचा माग काढायचा असेल तर गोष्ट वेगळी. शक्यतो वाऱ्याकडे पाठ असलेला, पूर्वेचा किंवा दक्षिणेचा उतार निवडा. कड्याखाली जिथे उतार किंचित सपाट होतो तिथे हरणं बसतात : माथ्यावरून येणारा वास पाठीमागून मिळतो आणि खालचं सगळं डोळ्यांना दिसतं.

पहिल्या वर्षीचं सगळ्यात महत्त्वाचं काम मार्चमध्ये. बर्फ वितळलेलं असतं, पालवी फुटलेली नसते, गेल्या नोव्हेंबरच्या सगळ्या खुणा तशाच असतात. नरांनी शिंगं घासून सोललेली खोडं, खुरांनी उकरलेली माती, पायवाटा, बसायच्या जागांचे लंबगोल ठसे. नर डिसेंबर ते मार्चच्या दरम्यान शिंगं टाकतात, तीही सापडतात. नकाशावर खुणा करत फिरा. तेव्हा तुम्ही कितीही गोंधळ घातलात तरी शिकारीच्या हंगामापर्यंत कोणाच्या लक्षात राहत नाही.

सागवान
रानवाट, तुमच्या बायकोने बरोबर प्रश्न विचारला. मी वनशास्त्र शिकलेली आहे, मिनेसोटात याच क्षेत्रात काम करते, म्हणून हा प्रतिसाद लांबणार आहे.

मार्चमध्ये फिराल तेव्हा खाली बघा. ओकची, मेपलची गुडघाभर रोपं आहेत का? असतील तर त्यांचे शेंडे बघा. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे ते फांदी चावत नाही, ओढून तोडतं. टोक फाटलेलं, चोथा झाल्यासारखं दिसतं. टोक चाकूने तिरकं कापल्यासारखं असेल तर तो ससा. मे महिन्यात ट्रिलियम हे रानफूल फुलतं का तेही बघा. हरणांना ते फार आवडतं, आणि खूप खाल्लं गेलं की झाडं बुटकी होत जातात आणि फुलायचीच थांबतात. मोठी झाडं ऐंशी-शंभर वर्षांची आणि त्यांच्याखाली पोरंबाळं कोणीच नाहीत असं जंगल असेल, तर ऑफिसातल्या दुसऱ्या मित्राचं ऐका.

खात्री करायची असेल तर आठ-दहा फूट व्यासाचं जाळीचं कुंपण दोन-तीन ठिकाणी गोल उभं करा. सात-आठ फूट उंच. दोन उन्हाळ्यांत आतलं आणि बाहेरचं यातला फरक दिसायला लागतो. कॅमेऱ्यांपेक्षा हे मला जास्त विश्वासार्ह वाटतं. कॅमेरा हरणं किती आहेत ते सांगतो, जास्त झालीत का ते सांगत नाही.

आता झाडं. ओक कापायचे किंवा छाटायचे असतील तर एप्रिल ते जुलै हात लावू नका. त्या दिवसांत ताज्या जखमेवर येणारे भुंगे ओक विल्टची बुरशी घेऊन येतात, आणि लाल ओकच्या गटातलं झाड काही आठवड्यांत जातं. मग मुळांतून शेजारच्या झाडालाही लागण. तोडायचं ते हिवाळ्यात तोडा. पांढऱ्या ओकचं फळ एका हंगामात पिकतं, गोड असतं, सप्टेंबर-ऑक्टोबरात हरणं आधी तेच संपवतात. लाल ओकचं दोन हंगामांत तयार होतं, तुरट असतं, ते हिवाळ्यापर्यंत जमिनीवर पडून राहतं. दोन्ही असतील तर तुमच्याकडे खाण्याचा साठा आहेच. चांगल्या पांढऱ्या ओकच्या डोक्यावर चढलेले दोन-तीन फालतू मेपल काढून त्याला ऊन मिळू द्या. कुठल्याही फूड प्लॉटपेक्षा ते स्वस्त आहे.

ॲशच्या सांगाड्यांना जपून. मेलेलं ॲश ठिसूळ होतं, वाऱ्यात वरून फांद्या पडतात. त्यावर मचाण तर बांधूच नका. त्यांच्या जागी ऊन पडलं की पहिलं येणार ते बकथॉर्न, युरोपातून आणलेलं झुडूप. ऑक्टोबराच्या शेवटी जंगल तपकिरी झालेलं असताना जे हिरवंगार दिसतं ते तेच. तेव्हाच कापून बुंध्यावर तणनाशक लावायचं. नुसतं कापलंत तर एकाचे दहा फुटवे. याला केंद्र सरकारच्या एनआरसीएस या संवर्धन खात्याकडून खर्चाचा काही भाग मिळू शकतो, काउंटीच्या ठिकाणी त्यांचं कार्यालय असतं.

आणि एक विचारते : जागा एमएफएलमध्ये (राज्याच्या जंगल-करसवलत योजनेत) आहे का?

रानवाट
सागवान, ताई म्हणू का? खूप आभार. हो, जंगलाचा भाग एमएफएलमध्ये आहे. कागद आले होते, करात सवलत आहे एवढंच समजलं.

सागवान
ताई चालेल. :) कागद नीट वाचा. मॅनेज्ड फॉरेस्ट लॉ ही विस्कॉन्सिनची १९८५ पासूनची योजना. कर कमी, त्या बदल्यात जमीन २५ किंवा ५० वर्षांसाठी बांधलेली. जमीन विकली तरी करार संपत नाही, नव्या मालकाच्या गळ्यात येतो. त्याबरोबर एक लेखी आराखडा येतो, त्यात कुठल्या वर्षी कुठली तोड करायची हे ठरलेलं असतं आणि ते बंधनकारक असतं. तुमच्या आधीच्या मालकाने एखादी तोड लांबणीवर टाकली असेल तर ती आता तुमची. जंगल साफ करून फूड प्लॉट करायला, झोपडी बांधायला मर्यादा येतात. जमीन लोकांना खुली ठेवली आहे की बंद तेही बघा. खुली असेल तर तुम्ही ज्या दहा एकरांत पाऊल टाकणार नाही तिथे दुसरा कोणी हक्काने शिकारीला येऊन बसू शकतो. काउंटीच्या वनअधिकाऱ्याला फोन करा, लोक मदत करणारे असतात.

अवांतर : बाराबूजवळ आल्डो लिओपोल्ड या वन्यजीवशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये घेतलेली उजाड शेतजमीन तुमच्यापासून तासाभरावर आहे. घरच्यांनी मिळून हजारो झाडं लावली. ह्याच गृहस्थाने १९४३ मध्ये राज्यात माद्या मारायला परवानगी द्या म्हटलं तेव्हा लोकांनी त्याला भरपूर शिव्या दिल्या होत्या. तुमच्या ऑफिसातला वाद तसा जुनाच.

कपाशी
फूड प्लॉटवर कोणीच बोलेना म्हणून बोलतो. घरची शेती जळगावकडे, सध्या मुक्काम आयोवा. माझं मत : पहिल्या वर्षी बी घेऊ नका, मातीची परीक्षा करून घ्या. ओकच्या जंगलाला लागून असलेल्या जमिनी बहुधा आंबट असतात. पीएच साडेसहाच्या आसपास नसेल तर क्लोव्हरचं महागडं बी टाकून उपयोग नाही, आधी चुना. पिशवीवर शिंगवाल्या नराचं चित्र असलं की त्याच बियाण्याची किंमत वाढते, हेही लक्षात असू द्या. गावातल्या शेतकी दुकानात साधं पांढरं क्लोव्हर मिळतं.

सगळ्यात कमी कष्टाचा प्रकार म्हणजे मार्चमध्ये, रात्री गोठतं आणि दिवसा वितळतं अशा दिवसांत क्लोव्हर नुसतं विस्कटून टाकायचं. जमीन फुगते-आकसते त्यात बी आपोआप आत जातं. नांगर नको, ट्रॅक्टर नको. ऑगस्टच्या शेवटी हिवाळी राय आणि ओट्स. राय बर्फाखालीही हिरवी राहते आणि एप्रिलमध्ये पहिली उठते. अर्धा-पाऊण एकर पुरे.

क्षार आणि मका मात्र विसरा. तुमच्या काउंटीत आमिष आणि खाऊ घालणं दोन्हीला बंदी आहे. बंदी नसती तरी कडाक्याच्या थंडीत हरणांपुढे एकदम मक्याचा ढीग ओतणं वाईटच. हिवाळ्यात त्यांच्या पोटातले जंतू काड्या-डहाळ्या पचवायला सरावलेले असतात. अचानक धान्य मिळालं की पोटात आम्ल वाढतं आणि भरल्या पोटी जनावर मरतं.

माळढोक
सगळे मूळ प्रश्नाला बगल देताहेत. लहान बक सोडा! दीड वर्षाच्या नराला जाऊ दिलं तरच तो साडेतीन-चार वर्षांचा होणार. आमच्याकडे शेजारच्या सहा जणांनी मिळून ठरवलं, चार-पाच वर्षांत फरक दिसला. रानवाट, शेजाऱ्यांना भेटा, एक पाय घेऊन जा (हरणाचा!), आणि ठरवून टाका.

खडकमाळ
माळढोक, तुमच्या भागात बरोबर असेल. पण हे रिचलँड काउंटी आहे. विस्कॉन्सिनमधला सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, हरणांना झिजवून मारणारा मेंदूचा रोग) २००२ च्या फेब्रुवारीत माउंट होरेबजवळच्या हरणांत सापडला, मिसिसिपीच्या पूर्वेला पहिल्यांदाच. हे गाव रानवाटच्या जागेकडे जायच्या रस्त्यापासून लांब नाही. आज राज्यात रोगाचं प्रमाण सगळ्यात जास्त आहे ते ह्याच नैर्ऋत्येच्या काउंट्यांत. माद्यांपेक्षा नरांत जास्त, आणि वयाने मोठ्या नरांत सर्वाधिक. म्हणजे तुम्ही चार वर्षं जपलेला बक हाच आजारी असण्याची शक्यता जास्त. शिवाय दीड वर्षाचे नर जन्मगाव सोडून मैलोन्‌मैल जातात, बरोबर रोगही नेतात.

माळढोक
म्हणजे काय, दिसेल ते मारायचं? मग लोक शिकारच सोडतील. मोठ्या शिंगांची आशा नसेल तर नव्या पोरांना नोव्हेंबरात पहाटे चारला कोण उठवणार? आणि शिकारी कमी झाले तर माद्या तरी कोण मारणार?

खडकमाळ
हा मुद्दा मान्य. लोकांना नकोसं झालं की नियम टिकत नाही हे विस्कॉन्सिननेच पाहिलंय. ‘आधी मादी मारा, मग नराचा हक्क मिळवा’ असा नियम तिथे काही भागांत होता. कळप कमी करायला तो लागू पडत होता, पण शिकाऱ्यांना इतका जाचला की २०११ मध्ये विधिमंडळाने तो बंदच केला. पण स्वतःच्या चाळीस एकरांवर घरगुती नियम म्हणून लावायला कोण अडवतंय? आधी मादी, मग नर, मग तो नर कितीही वर्षांचा असो. परवान्याबरोबर मादीचे टॅग (एका जनावरामागे एक परवानगी-चिठ्ठी) मिळतात, किती ते काउंटीप्रमाणे दरवर्षी ठरतं. चांगल्या खाण्यावर मादीला दरवर्षी जुळी होतात, म्हणजे एक मादी कमी करण्याचा परिणाम एकाच जनावरापुरता नसतो.

माळढोक
जुळ्यांचं मान्य. नराचं नाही. इथे आपलं जुळणार नाही. :)

सोनकी
तपासणीबद्दल कोणी सांगितलं नाही. आम्ही डेन काउंटीत, दरवर्षी मांस घेतो. राज्याचा नैसर्गिक संसाधन विभाग फुकट तपासून देतो. हंगामात रस्त्याकडेला चोवीस तास उघडी केंद्रं असतात. डोकं आणि मानेचा चारेक इंच भाग पिशवीत बांधून फॉर्मसकट टाकायचा, निकाल ऑनलाइन येतो. तोवर मांस फ्रीजरमध्ये, प्रत्येक जनावराचं वेगळं, चिठ्ठी लावून. माणसाला हा रोग झाल्याची नोंद नाही, पण सीडीसी (केंद्राची रोगनियंत्रण संस्था) सांगते की बाधित जनावर खाऊ नका. हा रोग पसरवणारं प्रथिन, प्रायॉन, शिजवून जात नाही. हाडं-आतडी रानात टाकू नका, कचराभूमीला जाणाऱ्या डब्यात घाला.

चरबी सगळी काढा. हरणाची चरबी मेणासारखी टाळूला चिकटते, मसाला कितीही चांगला असो. मागच्या पायाचा खिमा मालवणी मसाल्यात उत्तम होतो, पण तेल नेहमीपेक्षा जास्त लागतं. पाठीचा मऊ भाग कृपया कुकरमध्ये घालू नका.

नवाकोरा
प्रश्न जरा वेगळा आहे. मी एच-१बी वर आहे. मित्राबरोबर शिकारीला जाऊ शकतो का? कोणी म्हणतं बंदूक हातातही घ्यायची नाही.

खडकमाळ
केंद्राच्या कायद्यात तात्पुरत्या व्हिसावर आलेल्यांना बंदूक आणि काडतुसं बाळगायला बंदी आहे, पण कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना असेल तर ती बंदी लागू होत नाही. परवाना संपला की सवलत संपली, हे डोक्यात ठेवा आणि वकिलाला विचारूनच पुढे जा. व्हिसाशी खेळ नको. ग्रीनकार्ड असलेल्यांना हा प्रश्न नाही. आणि १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना विस्कॉन्सिनमध्ये शिकारीचं प्रशिक्षण सक्तीचं आहे. धनुष्य किंवा क्रॉसबो हा तुलनेने सोपा रस्ता. विस्कॉन्सिनमध्ये २०१४ पासून क्रॉसबो सगळ्यांना खुला आहे.

पानगळ
चंद्रपूरकडचा आहे, म्हणून वाचायला मजा आली. आमच्याकडे रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर रात्रीत वावर साफ करतात, आणि शेतकऱ्याने परवानगीशिवाय काठी उगारली तरी गुन्हा. तुम्ही लोक पैसे भरून, टॅग लावून, डोकं तपासायला देऊन मारता. चिंचगुळ ताईंचं दुखणं समजतं, पण शेतात राखणीला झोपलेल्या माणसाला ‘नियोजन’ हा शब्द ऐकून हेवाच वाटेल. फक्त आमच्याकडे वाघ आहे, त्यामुळे हिशोब वेगळा.

चिंचगुळ
पानगळ, राखणीचं तुम्ही म्हणता ते खरं. मला अजूनही शिंगं भिंतीवर लावणं पटत नाही, खिम्याबद्दल माझी तक्रार नाही.

रानवाट
सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं. पहिल्या वर्षी फूड प्लॉट नाही, फक्त मातीची परीक्षा. पूर्वेच्या उतारावरचे नऊ-दहा एकर बंद. तीन जाळ्या उभ्या करणार. आधी मादी हा घरचा नियम, बायकोलाही पटला. लहान नराचं माळढोक आणि खडकमाळ यांच्यात जे ठरेल ते. डीमॅप नावाची राज्याची योजना आहे, लहान जागेला नोंदणी फुकट, शेजारीही एकत्र येऊ शकतात, ती बघतोय. वनअधिकाऱ्याशी बोललो. तोड खरंच राहिलेली आहे आणि जमीन ‘बंद’ प्रकारातली आहे, हुश्श.

आता एक शेवटचं. माथ्यावरचं गवत शेजारी मेअखेरीस पहिल्यांदा कापतो. नेमकी तेव्हाच पिल्लं होतात ना? गेल्या वर्षी यंत्राखाली एक गेलं असं तोच म्हणाला. त्याला कापणी पुढे ढकलायला सांगू का?

कपाशी
सांगू नका, त्याचं नुकसान आहे. उशीर झाला की गवत जाड होतं, गुरांना पोषण कमी मिळतं आणि भावही कमी येतो. पुढच्या वर्षी तो करारच करणार नाही. पिल्लं पहिले आठवडाभर धोका दिसला की पळत नाहीत, जागीच दबून बसतात, म्हणून मरतात. कापणीच्या आदल्या संध्याकाळी दोघा-तिघांनी रांगेने शेतातून चालत जा, मोठ्याने बोलत. चार खांबांना फडफडणाऱ्या पिशव्या बांधा. आई रात्रीत पिल्लू हलवते. आणि त्याला सांगा कडेने गोल गोल आत येण्याऐवजी मधून सुरुवात करून बाहेर काप, म्हणजे जे पळू शकतं त्याला जंगलाकडे वाट राहते. कुठल्या दिवशी कापणार ते एक दिवस आधी फोन करून कळव, एवढं करारात लेखी घ्या.

सागवान
+१. आणि चालून आल्यावर गोचिड्या तपासा. मे-जून म्हणजे खसखशीएवढ्या पिल्लगोचिड्यांचा हंगाम, लाइम रोग बहुतेकांना त्यांच्यापासूनच होतो. पायमोजे पँटवरून ओढून घ्या, कपड्यांना परमेथ्रिन मारा आणि घरी आल्यावर आधी आंघोळ.